विजय हजारे यांच्या दोन भागीदाऱ्या

संध्याकाळची वेळ आहे. अंबरनाथजवळच्या मोरिवलीत एका मोकळ्या जागेवर मुले जमली आहेत. कोणाच्या हातात बॅट आहे, कोणाच्या हातात चेंडू आहे. विटा रचून यष्टी तयार झाल्या आहेत. आता एकच काम उरले आहे. दोन संघ पाडायचे आहेत.

संघ पाडणे तसे सोपे काम आहे. दोन कप्तान पुढे होतात आणि आळीपाळीने एकेक गडी मागून घेतात. कधी एका आळीची मुले एकीकडे आणि दुसऱ्या आळीची मुले दुसरीकडे होतात. कधी आठवीचा वर्ग नववीशी खेळतो. पण समजा, कोणी असे ठरवले की एका धर्माची मुले या बाजूला आणि दुसऱ्या धर्माची मुले त्या बाजूला, तर काय होईल? आणि ज्या मुलाचा धर्म यांपैकी कोणत्याच बाजूला बसत नाही, त्याने कोठे उभे राहायचे?

मुलांनो, हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. मुंबईत कित्येक वर्षे क्रिकेटचे मोठमोठे संघ धर्मावरूनच पाडले जात होते. त्या काळी महाराष्ट्रातला एक थोर फलंदाज या कोणत्याच मोठ्या संघात बसत नव्हता. म्हणून तो उरलेल्यांच्या संघातून खेळत असे. त्याचे नाव विजय हजारे.

विजय सॅम्युअल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे झाला. कृष्णा नदीच्या काठचे सांगली हे तेव्हा एक संस्थान होते. हजारे यांचे घराणे मराठी ख्रिस्ती होते. त्यांचे वडील शाळेत शिक्षक होते. घरात आठ भावंडे होती. एका शिक्षकाच्या पगारात एवढा मोठा संसार चालवायचा म्हणजे काटकसर आलीच. अशा साध्या घरात वाढलेल्या विजयला खेळाची ओढ लागली. स्वभावाने तो शांत आणि अबोल होता. पुढे मोठेपणी कीर्ती मिळाली, तरी त्यांचा हा स्वभाव बदलला नाही. ते बोलत कमी आणि खेळत जास्त.

१९३४ साली आपल्या देशात रणजी करंडक स्पर्धा सुरू झाली. या स्पर्धेत संघ प्रांतांप्रमाणे आणि संस्थानांप्रमाणे असत. महाराष्ट्राचा एक संघ, मुंबईचा एक संघ, बडोद्याचा एक संघ. खेळाडू कोणत्या देवाची प्रार्थना करतो, हे तेथे कोणी विचारत नसे. तो कोठे राहतो आणि कसा खेळतो, एवढेच पाहिले जाई. स्पर्धेच्या पहिल्याच हंगामात तरुण हजारे महाराष्ट्राकडून खेळले. पुढे ऑस्ट्रेलियाचे नामवंत फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन त्यांना मिळाले. हजारे मध्यमगती गोलंदाजीही करीत. परंतु त्यांचे खरे सामर्थ्य फलंदाजीत होते. घाई न करता, चेंडू नीट पारखून, तासन्‌तास खेळपट्टीवर उभे राहणे त्यांना जमत असे.

१९३९-४० च्या हंगामात पुण्यात महाराष्ट्राचा सामना बडोद्याशी झाला. त्या सामन्यात हजारे यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी करंडक स्पर्धेतले ते पहिले त्रिशतक होते. महाराष्ट्राचे कर्णधार होते प्रा. दि. ब. देवधर. ते पुण्याच्या महाविद्यालयात संस्कृत शिकवीत. संस्कृतचे ब्राह्मण प्राध्यापक आणि सांगलीचा ख्रिस्ती तरुण एकाच संघात, महाराष्ट्राच्या नावाने खेळत होते. त्या वर्षी महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला आणि पुढच्या वर्षीही तो आपल्याकडेच राखला. यानंतर हजारे बडोदा संस्थानच्या नोकरीत गेले. ज्या संघाविरुद्ध त्यांनी त्रिशतक केले होते, त्याच बडोद्याच्या संघाचे ते आधारस्तंभ बनले.

परंतु रणजी करंडकापेक्षाही त्या काळात लोकांच्या तोंडी नाव असे ते मुंबईच्या पंचरंगी सामन्यांचे.

या सामन्यांची गोष्ट जुनी आहे. मुंबईत पारशी मंडळींनी इंग्रजांचे पाहून क्रिकेट उचलले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पारशी आणि युरोपियन यांच्यात दरवर्षी सामने होऊ लागले. १९०७ साली त्यांत हिंदूंचा संघ आला आणि सामने तिरंगी झाले. १९१२ साली मुस्लिम संघ आला आणि ते चौरंगी झाले. प्रत्येक समाजाने आपापला जिमखाना उभारला. मुंबईत समुद्रकिनाऱ्यालगत पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना आणि हिंदू जिमखाना आजही जवळजवळ उभे आहेत. सामन्यांच्या दिवसांत मुंबई शहर क्रिकेटमय होऊन जाई. मैदानावर हजारो माणसे लोटत. खेळाचा दर्जा उंच होता. चांगला फटका मारला की, तो कोणी मारला हे न पाहता प्रेक्षक टाळ्या वाजवीत, असेही पुष्कळदा घडे.

मग यात दोष कोणता होता? दोष खेळाडूंत नव्हता. दोष संघ पाडण्याच्या रीतीत होता.

एकदा माणसामाणसांत भिंत घातली की, तिच्या आत आणखी भिंती उभ्या राहतात. हिंदूंच्या संघात पळवणकर बाळू नावाचे एक असामान्य डावखुरे गोलंदाज होते. त्यांचा जन्म चर्मकार समाजात झाला होता. लहान वयात त्यांनी पुण्यातल्या क्लबांत मैदान झाडण्याचे आणि खेळपट्टी तयार करण्याचे काम केले होते. त्यांची गोलंदाजी सर्वांना हवी होती. पण सुरुवातीच्या काळात चहाच्या वेळी त्यांना इतरांपासून वेगळे बसावे लागे आणि वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा घ्यावा लागे. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा बाळूंनी तेथे शंभराहून अधिक बळी मिळवले. तरीसुद्धा हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच देण्यात आले नाही. पुढे १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना ते पद मिळाले आणि त्या वर्षी हिंदू संघ विजयी झाला. तेव्हा लोकांनी विठ्ठल यांना खांद्यावर घेऊन मिरवले. पण बाळूंच्या हातून निसटलेली वर्षे परत येणार नव्हती.

दुसरा प्रश्न होता तो या चार संघांत न बसणाऱ्यांचा. देशात भारतीय ख्रिस्ती होते, ज्यू होते, बौद्ध होते. त्यांच्यातही चांगले खेळाडू होते. त्यांनी कोठे खेळायचे? १९३७ साली त्यांच्यासाठी पाचवा संघ करण्यात आला आणि सामने पंचरंगी झाले. या पाचव्या संघाला नाव देण्यात आले ‘द रेस्ट’. म्हणजे बाकीचे, उरलेले. दार उघडले, ही गोष्ट चांगली झाली. पण आत बोलावून ज्याला उरलेला म्हणावे, त्याच्या मनाला काय वाटत असेल? या संघाचे एक गाव नव्हते आणि एक भाषा नव्हती. त्यातले खेळाडू एकत्र येण्याचे कारण एकच होते. ते इतर चौघांपैकी कोणाचेच नव्हते. विजय हजारे या संघातून खेळू लागले.

हे सामने असेच चालू ठेवावेत का, यावर देशात मोठा वाद सुरू झाला होता. ‘बॉम्बे क्रॉनिकल’ या वृत्तपत्राचे संपादक सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी यांनी या सामन्यांना विरोध केला. खेळाच्या मैदानावर धर्माचे गट पाडणे देशाच्या एकीला घातक आहे, असे त्यांचे मत होते. सामन्यांच्या बाजूने बोलणारेही पुष्कळ होते. या सामन्यांमुळे क्रिकेट वाढले, निरनिराळ्या समाजांतले खेळाडू एकमेकांना ओळखू लागले, मैदानावर भांडणे होत नाहीत, असे ते सांगत. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. १९४० च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याचे काही प्रतिनिधी महात्मा गांधींचा सल्ला घेण्यासाठी वर्ध्याला गेले. महाविद्यालयांचे किंवा संस्थांचे सामने आपण समजू शकतो, परंतु धर्मावरून संघ कशासाठी, हे आपल्याला समजत नाही, असे गांधीजींनी त्यांना सांगितले. त्या वर्षी हिंदू संघ स्पर्धेत उतरला नाही. पुढच्या वर्षी मात्र तो परत आला. लोकप्रिय गोष्ट एका दिवसात बंद होत नाही.

अशा वातावरणात १९४३ साल उजाडले. त्या वर्षीच्या पंचरंगी सामन्यांत दोन विजय एकमेकांसमोर उभे ठाकले. एक विजय मर्चंट आणि दुसरे विजय हजारे. आधी मुस्लिम संघाविरुद्ध हजारे यांनी २४८ धावा केल्या. या स्पर्धेत इतक्या धावा एका डावात त्यापूर्वी कोणीही केल्या नव्हत्या. मग अंतिम सामना आला. मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर हिंदू संघाची गाठ बाकीच्यांच्या संघाशी पडली. मर्चंट यांनी नाबाद २५० धावा करून हजारे यांचा विक्रम दोन धावांनी मोडला. हिंदू संघाने ५ बाद ५८१ धावांवर आपला डाव सोडला. बाकीच्यांचा संघ १३३ धावांत आटोपला. त्यांना लगेच दुसऱ्यांदा फलंदाजीला यावे लागले.

दुसऱ्या डावातही तीच गत झाली. शंभर धावा लागण्याआधीच निम्मा संघ तंबूत परतला. तेव्हा हजारे यांच्या जोडीला त्यांचे धाकटे बंधू विवेक आले. दोघा भावांनी ठाण मांडले. विवेक एक बाजू सांभाळून उभे राहिले आणि विजय धावा जमवीत राहिले. या दोघांनी तब्बल ३०० धावांची भागीदारी केली. त्यांत विवेक यांच्या धावा होत्या केवळ २१! हजारे यांनी एकट्याने ३०९ धावा केल्या. संघाची धावसंख्या झाली ३८७. म्हणजे इतर दहा जण आणि अवांतर धावा मिळून फक्त ७८ झाल्या. मर्चंट यांचा विक्रम त्याच सामन्यात मोडला गेला. तरीही हजारे यांचा संघ एक डाव आणि ६१ धावांनी हरला.

प्रेक्षकांत बहुतेक लोक दुसऱ्या संघांचे चाहते होते. पण त्या दिवशी सगळे स्टेडियम हजारे यांचे झाले. ही त्यांची पहिली मोठी भागीदारी. एका बाजूला एकटा लढणारा फलंदाज, दुसऱ्या बाजूला साथ देणारा त्याचा सख्खा भाऊ.

पुढच्याच वर्षी हिंदू आणि मुस्लिम संघांत अंतिम सामना रंगला. मुस्लिम संघाचे के. सी. इब्राहिम नाबाद १३७ धावा करून अखेरपर्यंत उभे राहिले आणि त्यांच्या संघाने एक गडी राखून विजय मिळवला. सामना खेळीमेळीने पार पडला. पण मैदानाबाहेर देशातले वातावरण दिवसेंदिवस तापत चालले होते. धर्माच्या नावाने जयजयकार करायला शिकवणारा खेळ अशा दिवसांत चालू ठेवणे योग्य नव्हते. अखेर १९४६ साली पंचरंगी सामने कायमचे बंद करण्यात आले.

त्याच १९४६ साली भारताचा संघ इंग्लंडला गेला. कर्णधार होते पतौडीचे नवाब इफ्तिखार अली खान. लॉर्ड्सच्या मैदानावर हजारे आपला पहिला कसोटी सामना खेळले. त्याच सामन्यात आणखी एका खेळाडूने कसोटीत पहिले पाऊल टाकले. त्यांचे नाव गुल महंमद. गुल महंमद यांचा जन्म लाहोरचा. अंगाने ते लहानखुरे होते, पण क्षेत्ररक्षणात फार चपळ होते. ते डावखुरी फलंदाजी करीत. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत ते मुस्लिम संघातले आणि हजारे बाकीच्यांच्या संघातले. तेथे दोघे समोरासमोर असत. पण रणजी करंडकात दोघेही बडोद्याचे होते. तेथे ते एकाच बाजूचे होते.

आता मार्च १९४७ मधली गोष्ट. देशाची फाळणी होणार, असे स्पष्ट दिसू लागले होते. पंजाबात दंगलींचा वणवा पेटला होता. लाहोर शहरातही रक्त सांडत होते. त्याच महिन्यात बडोद्यात रणजी करंडकाचा अंतिम सामना सुरू झाला. समोर इंदूरचा बलाढ्य होळकर संघ होता. होळकर संघाच्या २०२ धावा झाल्या. उत्तरादाखल खेळताना बडोद्याचे तीन गडी ९१ धावांत बाद झाले. हजारे खेळपट्टीवर होते. त्यांच्या जोडीला गुल महंमद आले.

एक होता सांगलीचा मराठी ख्रिस्ती. दुसरा होता लाहोरचा पंजाबी मुसलमान. एक उजव्या हाताने खेळणारा, दुसरा डावखुरा. एक संथ आणि सावध, दुसरा चपळ आणि आक्रमक. धाव घेताना दोघांना एकमेकांवर विश्वास ठेवावा लागे. भागीदारीत तसे करावेच लागते. एकाने हाक दिली की, दुसऱ्याने पळायचे असते. विचार करत बसले तर गडी धावबाद होतो. सुमारे नऊ तास हे दोघे एकमेकांच्या हाकेला असे पळत राहिले. होळकर संघाचे गोलंदाज थकून गेले. जोडी फुटली तेव्हा दोघांनी मिळून ५७७ धावा जमवल्या होत्या. गुल महंमद यांनी ३१९ आणि हजारे यांनी २८८ धावा केल्या. बडोद्याची धावसंख्या ७८४ झाली आणि बडोद्याने एक डाव आणि ४०९ धावांनी सामना जिंकला.

प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये जगात कोणत्याही जोडीने तोपर्यंत इतक्या धावा जमवल्या नव्हत्या. हा विक्रम ५९ वर्षे टिकला. २००६ साली श्रीलंकेच्या कुमार संगकारा आणि महेला जयवर्धने यांनी तो मोडला.

ही हजारे यांची दुसरी मोठी भागीदारी. पहिल्या भागीदारीत साथीला सख्खा भाऊ होता. दुसऱ्या भागीदारीत साथीला जो होता, तो जन्माने भाऊ नव्हता, धर्माने एक नव्हता, त्याची भाषाही वेगळी होती. पण संघ एक होता. बडोद्यात संघ पाडण्याची रीत वेगळी होती, म्हणून ही जोडी जमू शकली. मुंबईच्या रीतीने हे दोघे कधीच एका बाजूने खेळू शकले नसते.

पाच महिन्यांनी देश स्वतंत्र झाला आणि त्याची फाळणीही झाली. लक्षावधी माणसे घरदार सोडून निघाली. मोरिवलीपासून जवळ असलेले उल्हासनगर हे शहरही तेव्हाच वसले. कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आसरा देण्यात आला आणि त्यातूनच पुढे शहर उभे राहिले. क्रिकेटच्या संघाचीही फाळणी झाली. ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यासाठी निवडलेले वेगवान गोलंदाज फजल महमूद पाकिस्तानात राहिले. गुल महंमद मात्र भारतीय संघाबरोबर ऑस्ट्रेलियाला गेले. पुढे ते पाकिस्तानात स्थायिक झाले. १९५६ साली ते पाकिस्तानकडून एक कसोटी सामना खेळले. १९९२ साली लाहोर येथे त्यांचे निधन झाले. दोन देशांच्या मध्ये सरहद्द आली, पण विक्रमांच्या पुस्तकात हजारे आणि गुल महंमद ही नावे एकाच ओळीत राहिली.

ऑस्ट्रेलियाच्या त्या दौऱ्यात, जानेवारी १९४८ मध्ये, ॲडलेड येथे चौथा कसोटी सामना झाला. ऑस्ट्रेलियाचे कर्णधार होते डॉन ब्रॅडमन. त्यांच्या संघाने ६७४ धावांचा डोंगर उभा केला. द्विशतक करणाऱ्या ब्रॅडमन यांचा त्रिफळा हजारे यांनीच उडवला. मग फलंदाजीला उतरून पहिल्या डावात हजारे यांनी ११६ धावा केल्या. दुसऱ्या डावात भारताचे पहिले दोन गडी एकही धाव न होता बाद झाले. त्या डावात भारताचे सहा फलंदाज शून्यावर परतले. अशा पडझडीत हजारे यांनी १४५ धावा केल्या. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय ठरले. भारत तो सामना हरला, पण हजारे यांचे नाव जगभर झाले. हा सामना २८ जानेवारीला संपला. त्यानंतर दोनच दिवसांनी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. धर्माधर्मांतल्या द्वेषाने देशाची किती मोठी हानी केली, हे त्या दिवशी सर्वांना कळून चुकले.

१९५१ साली इंग्लंडचा संघ भारतात आला, तेव्हा हजारे यांना भारताचे कर्णधार करण्यात आले. बाकीच्यांच्या संघातला खेळाडू आता सगळ्या देशाचा कप्तान झाला होता. पहिल्या दोन्ही कसोटींत, दिल्लीला आणि मुंबईला, त्यांनी शतके केली. कानपूरला मात्र भारत हरला. शेवटचा सामना मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, फेब्रुवारी १९५२ मध्ये होता. भारताने १९३२ साली पहिला कसोटी सामना खेळला होता. वीस वर्षांत २४ सामने झाले होते, पण एकही जिंकता आला नव्हता.

मद्रासच्या त्या संघात कोण कोण होते पाहा. कर्णधार हजारे ख्रिस्ती. विनू मंकड जामनगरचे. पंकज रॉय बंगालचे. पॉली उम्रीगर पारशी. गुलाम अहमद हैदराबादचे आणि मुश्ताक अली इंदूरचे. जुन्या पंचरंगी रीतीने हे अकरा जण चार वेगवेगळ्या संघांत वाटले गेले असते. येथे ते एकत्र होते. मंकड यांनी पहिल्या डावात ५५ धावांत ८ गडी टिपले. रॉय यांनी १११ आणि उम्रीगर यांनी नाबाद १३० धावा केल्या. दुसऱ्या डावात मंकड आणि गुलाम अहमद यांनी प्रत्येकी चार गडी बाद केले. १० फेब्रुवारी १९५२ रोजी भारताने एक डाव आणि ८ धावांनी सामना जिंकला. भारताचा तो पहिला कसोटी विजय होता.

त्यानंतरचे दिवस सोपे नव्हते. १९५२ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये हजारे यांच्या संघाला मोठे पराभव पत्करावे लागले. लीड्स येथे दुसऱ्या डावात तर एकही धाव होण्याआधीच भारताचे चार गडी बाद झाले. त्या वेळी हजारे आणि दत्तू फडकर यांनी अर्धशतके करून संघाची थोडीफार लाज राखली. १९५३ साली वेस्ट इंडीजच्या दौऱ्यानंतर हजारे यांची कसोटी कारकीर्द संपली. ३० कसोटी सामन्यांत त्यांनी सात शतकांसह २,१९२ धावा केल्या. प्रथम दर्जाच्या सामन्यांत त्यांची शतके ६० झाली आणि धावा १८,७४० झाल्या. १९६० साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री हा किताब दिला. पुढे ते निवड समितीवरही होते. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी बडोद्यातच काढली. १८ डिसेंबर २००४ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

आज देशातल्या राज्याराज्यांच्या संघांत एकदिवसीय सामन्यांची एक मोठी स्पर्धा खेळली जाते. तिचे नाव विजय हजारे करंडक. या स्पर्धेत कोणताही संघ धर्माचा नाही. आणि बाकीचे नावाचा संघ तर नाहीच नाही.

आता पुन्हा मोरिवलीच्या त्या मैदानावर येऊ. मुले अजून संघ पाडत आहेत. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या भागांत कामधंद्यासाठी ठिकठिकाणांहून लोक आले. मराठी, सिंधी, उर्दू, हिंदी, तमिळ अशा कितीतरी भाषा येथे कानांवर पडतात. त्या सगळ्या घरांतली मुले एका मैदानावर येऊ शकतात. त्यासाठी फार पैसा लागत नाही. थोडा विचार लागतो. संघ आळीवरून, वर्गावरून किंवा चिठ्ठ्या टाकून पाडता येतात. शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळ सोडून सामना ठेवता येतो. रविवारी सकाळी चर्चला जाणाऱ्यांसाठी थोडे थांबता येते. रमजानमध्ये रोजा असलेल्या मुलासाठी खेळ उन्हाच्या वेळी न ठेवता सकाळी लवकर ठेवता येतो. गणपतीच्या आणि दिवाळीच्या दिवसांत तारीख पुढे ढकलता येते. पाण्याचा माठ सर्वांसाठी एकच ठेवता येतो. बाळूंना वेगळ्या भांड्यात चहा घ्यावा लागला होता, हे आठवले तर त्या एका माठाची किंमत कळते.

आणि संघ पाडून झाल्यावर एकदा मागे वळून पाहावे. कोणी एकटा बाजूला उभा तर नाही ना? कोणी बाकीचा तर उरला नाही ना? असेल, तर त्याला हाक मारावी. कोणी सांगावे, आपली सर्वांत मोठी भागीदारी त्याच्याच बरोबर व्हायची असेल.